सामाईक बांध व उघडे पाणी : बीड जिल्ह्यातील शेजारहक्कांचा एक प्रश्न

बीड जिल्ह्याच्या पुष्कळशा भागांत काळी जमीन आढळते. ही माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. दरसालच्या नांगरटीने बांधही थोडाथोडा कोरला जातो. शेजाऱ्यांच्या पुष्कळ तंट्यांचे मूळ येथे आहे. मात्र बांधालगत विहीर वा शेततळे आले म्हणजे या तंट्यास जीविताच्या धोक्याचे दुसरे अंग प्राप्त होते. ही दोन अंगे भिन्न असून त्यांची गल्लत करणे हिताचे नाही.

पहिला प्रश्न हद्दीचा. निजामी अमलातील महसुली कायद्याच्या जागी १५ ऑगस्ट १९६७ पासून महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ येथे लागू झाला. त्यानुसार हद्द भूमी अभिलेखांच्या आधारे निश्चित होते. कलम १४३ अन्वये बांधावरून शेतात जाण्याच्या वाटेचा निर्णय तहसीलदार देतो.

दुसरा प्रश्न धोक्याचा. शेततळ्याच्या बाजू उतरत्या असतात. प्लॅस्टिकचे अस्तर ओले झाले की त्यावर पाय ठरत नाही. म्हणून पट्टीच्या पोहणाऱ्यासही काठ गाठणे दुष्कर होते. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ हिच्या कलम १५२ अन्वये (पूर्वीच्या संहितेतील कलम १३३) सार्वजनिक रस्त्यालगतच्या विहिरीस, तळ्यास वा खड्ड्यास कुंपण घालण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतो. तथापि ही तरतूद सार्वजनिक वाटेपुरती व जागेपुरती मर्यादित आहे. दोन खाजगी शेतांमधील बांधाची वाट सार्वजनिक ठरेलच असे नाही. मजुरांची मुले मात्र त्याच वाटेने ये-जा करतात.

ही उणीव हद्दीच्या वादामुळे अधिकच जाणवते. वादग्रस्त रेषेवर कुंपण घालणे म्हणजे आपला हक्क सोडणे अथवा दुसऱ्याचा बळकावणे, असा समज दोन्ही पक्षांत असतो; परिणामी मोजणी होईपर्यंत पाणी उघडे राहते. वस्तुतः हद्दीचे कुंपण मालकी दर्शविते, तर पाण्याभोवतीचे कुंपण केवळ धोका आवरते. ते रेषेवर असण्याची आवश्यकता नाही. तळ्याच्या धन्याने निर्विवाद अशा स्वतःच्या जमिनीत, काठालगत तारेचे कुंपण घालावे आणि आत दोर अथवा शिडी पक्की बांधून ठेवावी. त्यायोगे कोणाच्याही दाव्यास बाध येत नाही. हद्दीचा निर्णय पुढे कोणाच्याही बाजूने लागो, पाण्याची जबाबदारी पाणी साठविणाऱ्याचीच राहते.