भंगारातून उभे राहिलेले मनोरे

लॉस एंजेलिस म्हटले की डोळ्यांपुढे येते ते हॉलिवूड. मात्र याच शहराच्या दक्षिण भागात, वॉट्स नावाच्या कष्टकऱ्यांच्या वस्तीत, बैठ्या घरांच्या रांगेतून अचानक आभाळात झेपावलेले जाळीदार मनोरे दिसतात. त्यांतील सर्वांत उंच मनोरा ९९.५ फूट, म्हणजे साधारण दहा मजली इमारतीएवढा आहे. तुटक्या कपबशा, बाटल्यांच्या काचा, शिंपले, फरशांचे तुकडे आणि टाकाऊ लोखंड यांतून साकारलेले हे विराट शिल्प ‘वॉट्स टॉवर्स’ या नावाने ओळखले जाते. ते घडविणारा माणूस ना शिल्पकार होता, ना अभियंता.

सायमन रोडिया हा इटलीतून लहान वयात अमेरिकेत आलेला मजूर. बांधकामावर आणि फरशीकामावर त्याने आयुष्य काढले. १९२१ मध्ये त्याने वॉट्समध्ये १०७व्या रस्त्यालगत एक त्रिकोणी भूखंड घेतला आणि कामाला प्रारंभ केला. दिवसभर मजुरी करायची आणि सायंकाळी व सुटीच्या दिवशी मनोरे उभारायचे, हा क्रम १९५४ पर्यंत चालला. इतक्या वर्षांत त्याने मदतनीस घेतला नाही की कागदावर आराखडा काढला नाही. मनोरे, भिंती, मंडप, जहाज अशा एकूण १७ रचना तेथे आहेत. या साऱ्याला त्याने स्पॅनिश नाव दिले होते ‘नुएस्त्रो पुएब्लो’, म्हणजेच ‘आमचे गाव’.

वेल्डिंग नाही, नटबोल्टही नाहीत

हे मनोरे उभे कसे राहिले, हा प्रश्न पाहणाऱ्याला पडल्यावाचून राहत नाही. रोडियाकडे यंत्रसामग्री नव्हती. जवळून जाणाऱ्या लोहमार्गाच्या रुळाखाली सळई अडकवून तो ती हाताने वाकवीत असे. दोन सळयांची टोके एकमेकांवर ठेवून त्यांभोवती तार आणि जाळी घट्ट गुंडाळायची, त्यावर सिमेंटचा गिलावा चढवायचा आणि तो ओला असतानाच त्यात काचा-शिंपले दाबून बसवायचे, अशी त्याची पद्धत होती. आधीचे कडे पक्के झाले की त्यावरच चढून पुढचे कडे बांधायचे. त्यामुळे मनोरा हीच शिडी झाली आणि मनोरा हीच परात. आधाराला होता तो केवळ खिडक्या पुसणारे कामगार वापरतात तसा कमरपट्टा.

या पद्धतीमागे शास्त्र आहे. सिमेंट दाब सोसते, पण ताण पडला की तडकते. पोलाद ताण सोसते. दोहोंचा संयोग झाला की पातळ भागालाही बळ येते. शिवाय रचना जाळीदार असल्याने वारा अडत नाही, आरपार निघून जातो. रोडियाने हे पुस्तकात वाचले नव्हते. ते त्याला हातांनी शिकविले होते.

पाडण्याचा आदेश आणि परीक्षा

१९५५ मध्ये रोडियाने आपली जागा शेजाऱ्याला देऊन टाकली आणि तो शहर सोडून गेला, तो पुन्हा परतला नाही. त्यानंतर त्याचे घर आगीत भस्मसात झाले. बांधकामाला परवाना नाही आणि ते धोकादायक आहे, असे म्हणत महापालिकेने १९५७ मध्ये ते पाडण्याचा आदेश काढला. १९५९ मध्ये विल्यम कार्टराइट आणि निकोलस किंग या दोन तरुणांनी ही जागा ३,००० डॉलरला विकत घेतली. मनोरे वाचविण्यासाठी नागरिकांची समिती स्थापन झाली. हे बांधकाम धोकादायक आहे की नाही, हे मतांवर नव्हे, प्रत्यक्ष चाचणीवर ठरावे, असा आग्रह बड गोल्डस्टोन या अभियंत्याने धरला.

१० ऑक्टोबर १९५९ रोजी पोलादी तार बांधून क्रेनने मनोरा ओढण्यात आला. जोर वाढत वाढत १०,००० पौंडांवर, म्हणजे सुमारे ४,५०० किलोंवर गेला. मनोरा ढळला नाही; क्रेनमध्येच बिघाड झाला. पाडण्याचा आदेश तेथेच निकालात निघाला. १९६५ च्या जुलैमध्ये रोडियाचे निधन झाले आणि पुढच्याच महिन्यात वॉट्समध्ये भीषण दंगल उसळली. जाळपोळीत वस्तीचे अतोनात नुकसान झाले, मनोऱ्यांना मात्र धक्का लागला नाही. १९९० मध्ये त्यांना राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला.

खरी लढाई काळाशी

क्रेनला दाद न देणाऱ्या या शिल्पाला ऊन आणि पाणी मात्र जेरीस आणतात. उन्हाने रचना प्रसरण पावते, रात्री आकुंचन पावते आणि गिलाव्याला बारीक तडे जातात. तड्यांतून शिरलेल्या ओलाव्याने आतील पोलाद गंजते. गंज मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापत असल्याने तो आतून गिलावा फोडतो आणि वरील काचा-शिंपले निखळतात. त्यामुळे दुरुस्ती कधीच संपत नाही. २०११ पासून लॉस एंजेलिसच्या कला संग्रहालयाचे तज्ज्ञ या जतनकार्यात सहभागी झाले.

भारतीय वाचकाला येथे चंडीगडच्या रॉक गार्डनची आठवण होईल. रस्ते निरीक्षक असलेल्या नेकचंद यांनी १९५७ पासून सरकारी जमिनीवर गुपचूप टाकाऊ वस्तूंची शिल्पे घडविली. तीही बेकायदा ठरली होती. परंतु प्रशासनाने ती न पाडता १९७६ मध्ये लोकांसाठी खुली केली. परवाना नसलेल्या कामाचे मोल कसे ठरवावे, हा प्रश्न दोन्ही शहरांपुढे उभा राहिला आणि दोन्हीकडे त्याचे उत्तर पाडकामाच्या विरोधात गेले.

लॉस एंजेलिसला जाणाऱ्यांनी मेट्रो रेल्वेने १०३व्या रस्त्याचे स्थानक गाठावे; तेथून मनोरे पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. कुंपणाबाहेरूनही ते नीट दिसतात. प्रथम लांबून उंची पाहावी आणि मग भिंतीजवळ जावे. हिरव्या तुकड्यांत शीतपेयाची बाटली, निळ्यांत औषधाची बाटली, तर कोठे कपाचा कान ओळखू येतो. परिसरातील मुले रोडियाला असे तुकडे आणून देत असत. त्या मुलांच्या हातचा एखादा तुकडा आजही तेथे सिमेंटमध्ये रुतलेला असेल.