घोड-भीमेकाठच्या न्यायाची साठ वर्षं

३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरच्या छावणीतून कॅप्टन स्टॉन्टनची पलटण पुण्याच्या मदतीला निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगावला भीमेकाठी लढली, हे आपल्याला ठाऊक असतं. त्याच इंग्रज-मराठा युद्धानं या मुलखातला न्यायही पालटला, पण त्याची आठवण कुणी फारशी काढत नाही.

११ फेब्रुवारी १८१८ ला कंपनी सरकारचा कमिशनर एल्फिन्स्टननं साताऱ्याहून नव्या राज्याचा जाहीरनामा काढला. पेशवा बाजीराव अजून पळतीवर होता. शरण आला तो जूनमध्ये. लढाई संपण्याआधीच नव्या कारभाराची घडी बसू लागली. पुण्याला कॅप्टन रॉबर्टसन, नगरला कॅप्टन पॉटिंजर कलेक्टर झाले. वसुली आणि न्याय एकाच हातात आले.

बंगालसारखी कोर्टं इथं लादायची एल्फिन्स्टनची इच्छा नव्हती. त्याला पंचायत टिकवायची होती. वादी-प्रतिवादी पंचांचा निर्णय मान्य असल्याचा राजीनामा लिहून देत. निवाडा झाला की जिंकलेला हरकी म्हणजे खुशीचा नजराणा भरी, हरलेला गुन्हेगारी म्हणजे दंड. यात दिरंगाई होती, वशिलाही होता, आणि १८१९ च्या अहवालात एल्फिन्स्टननं हे दोष झाकले नाहीत. पण कर्जाच्या बाबतीत या व्यवस्थेत एक मोठी गोष्ट होती. सावकार तगादा लावी, धरणं धरी, तरी सरकारी बळ सहसा त्याच्या पाठीशी नसे. गावाची आणि पाटलाची मर्जी राखूनच त्याला पैसा वसूल करावा लागे.

१८२७ च्या कायद्यांनी दिवाणी कोर्टं पक्की केली आणि पंचायत मागे पडत गेली. कोर्टाचा दरवाजा उघडा असताना सावकार पंचांपुढे कशाला बसेल? १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं भर घातली. साध्या कर्जाच्या दाव्याला तीनच वर्षं मिळू लागली, म्हणून रोखा वरचेवर नवा लिहून घेतला जाई आणि थकलेलं व्याज मुद्दलात मिसळे. समन्स आलं तरी कुणबी कोर्टात जात नसे, आणि हुकूमनामा एकतर्फी होई. माझ्या मते खरा अन्याय इथं होता. कायदा दोघांना सारखाच होता, पण कागद वाचता येत होता एकालाच.

१८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातल्या करड्यात सावकारानं हुकूमनाम्याच्या जोरावर ऋणकोचं घर पाडलं. गावानं त्याच्यावर बहिष्कार घातला. १२ मे १८७५ ला सुप्यात दंगा पेटला. सुपं तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं, आजचा दौंडही त्यातच. लोकांनी हिसकावून जाळले ते मुख्यतः सावकारांकडचे रोखे.

या दंग्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यानं पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांत तडजोड करणारे नेमले आणि किरकोळ दाव्यांसाठी गावमुन्सफ आणले. न्यायाधीशानं नुसत्या रोख्यावर न थांबता व्यवहाराचा मुळापासून हिशेब तपासायचा, मुद्दल किती आणि व्याज किती ते वेगळं काढायचं, असं ठरलं. पुढं याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम पाहिलं महादेव गोविंद रानडे यांनी, १८९३ मध्ये हायकोर्टावर जाईपर्यंत.