कुलूपबंद बँका आणि नवा अध्यक्ष

अमेरिकेत अध्यक्ष बदलला की त्याच्या पहिल्या शंभर दिवसांचा हिशेब मांडायची तिथल्या वर्तमानपत्रांना सवयच लागली आहे. ही मोजणी सुरू झाली फ्रँकलिन डेलानो रूझवेल्ट यांच्यापासून. ९ मार्च ते १६ जून १९३३ या शंभर दिवसांत त्यांनी काँग्रेसकडून, म्हणजे तिथल्या संसदेकडून, पंधरा मोठे कायदे करून घेतले आणि तो आकडा पुढच्या प्रत्येक अध्यक्षाच्या मानगुटीवर बसला. खरे निर्णायक दिवस मात्र शपथविधीनंतरचे पहिले दहा-बाराच. आणि त्या दिवसांत नव्या अध्यक्षाने उपसलेली हत्यारं बहुतांशी पडलेल्या सरकारच्या कपाटातली होती.

निवडणूक झाली ८ नोव्हेंबर १९३२ रोजी. रूझवेल्ट यांना ४७२ निर्वाचक मतं, मावळते अध्यक्ष हर्बर्ट हूवर यांना ५९. निकाल इतका एकतर्फी, तरी सूत्रं हाती यायची होती ४ मार्चला. वॉशिंग्टनला घोड्यावरून पोचावं लागे त्या काळातला हा नियम. तो बदलणारी विसावी घटनादुरुस्ती जानेवारी १९३३मध्ये मंजूर झालीही, पण तिचा उपयोग पुढच्या शपथविधीपासून. चारांतला एक कामगार बेकार, आणि अशा देशात चार महिने जुन्या अध्यक्षाचं कोणी ऐकेना, नव्याच्या हाती सहीचा अधिकार नाही.

या पोकळीत बँका कोसळत गेल्या. अमेरिकेत तेव्हा हजारो छोट्या, एकाच शाखेच्या बँका होत्या. अनेक राज्यांत शाखा काढायलाच बंदी होती. शेतमालाचे भाव पडले, कर्जं बुडाली की गावातली बँक गेलीच. फेब्रुवारीत ही लाट डेट्रॉइटला पोचली. तिथला एक मोठा बँकसमूह वाचवायला सरकारी कर्ज हवं होतं आणि त्यासाठी हेन्री फोर्ड यांनी आपल्या ठेवी मागे ठेवायच्या होत्या. फोर्ड यांनी साफ नकार दिला. १४ फेब्रुवारीला मिशिगनच्या गव्हर्नरांनी राज्यातल्या सगळ्या बँकांना आठ दिवसांची सक्तीची सुटी जाहीर केली. मिशिगनच्या बँका बंद म्हटल्यावर शेजारच्या राज्यांत रांगा लागल्या आणि एकेक गव्हर्नर हाच मार्ग धरू लागला.

रांगांमागे दुसरंही एक कारण होतं, आणि ते रूझवेल्ट यांना अडचणीचं होतं. नवा अध्यक्ष डॉलरचं सोन्यातलं मोल कमी करणार, अशी कुजबुज बाजारात होती. म्हणून जाणते लोक नोटा नव्हे, सोनं काढून नेत होते. हूवर यांनी १८ फेब्रुवारीला रूझवेल्ट यांना स्वहस्ते लिहिलेलं पत्र पोचवलं: चलनाला हात लावणार नाही, अंदाजपत्रक तोलून धरीन, असं जाहीर करा. दोनच दिवसांनी एका सिनेटरला लिहिताना हूवर यांनी कबूल केलं की रूझवेल्ट यांनी हे मान्य केलं तर त्यांच्या नव्या कार्यक्रमाचा नव्वद टक्के भाग गुंडाळला जाईल. रूझवेल्ट गप्प राहिले. उत्तर गेलं मार्च उजाडल्यावर, सचिवाच्या हातून आधीचं पत्र राहून गेल्याची सबब सांगत. देश तळमळत असताना हे मौन कितपत क्षम्य, यावर इतिहासकारांचं अजून एकमत नाही. मला त्यात राजकारण्याचा थंडपणा दिसतो, पण पत्रातला सापळाही दिसतो.

४ मार्चच्या पहाटे न्यूयॉर्क आणि इलिनॉय या दोन्ही राज्यांच्या गव्हर्नरांनी बँका बंद केल्या. न्यूयॉर्कचा शेअर बाजारही त्या दिवशी उघडला नाही. दुपारी रूझवेल्ट यांचं भाषण झालं. त्यातलं भीतीबद्दलचं वाक्य जगभर गाजलं. समोरच्या गर्दीने मात्र सर्वांत मोठा प्रतिसाद दिला तो वेगळ्याच वाक्याला: गरज पडल्यास युद्धकाळात मिळतात तसे व्यापक अधिकार मी काँग्रेसकडे मागेन. जर्मनीत हिटलर चॅन्सेलर होऊन तेव्हा पाच आठवडेही झाले नव्हते. त्या दिवशीच्या वातावरणाची आपल्याला थोडी भीतीच वाटली, असं त्यांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट म्हणाल्या.

आता मूळ गोष्ट. नवे अर्थमंत्री विल्यम वुडिन हे रेल्वेचे डबे बनवणाऱ्या कंपनीचे प्रमुख, फावल्या वेळात संगीतरचना करणारे गृहस्थ. अर्थखात्यात शिरले तेव्हा तिथे हूवर यांचे मावळते अर्थमंत्री ऑग्डेन मिल्स आणि त्यांचे सहकारी आर्थर बॅलंटाइन अजून बसलेले होते. घरी जायला हवं होतं, पण गेले नाहीत. देशभरच्या बँका बंद करण्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा त्यांच्याकडे तयार होता. आधार होता १९१७ सालच्या शत्रूशी व्यापारबंदी कायद्याचा. पहिल्या महायुद्धातला तो कायदा शांततेच्या काळात लागू होतो का, हा प्रश्नच होता. रूझवेल्ट यांची संमती असल्याशिवाय हूवर यांना तसं करायचं नव्हतं. रूझवेल्ट यांनी ६ मार्चच्या रात्री एक वाजता तो जाहीरनामा जारी केला. कायदेशीरपणा नंतर बघू, काँग्रेसकडून शिक्कामोर्तब करून घेऊ, हा हिशेब. घटनेचे अभ्यासक याला काय म्हणतील ते म्हणोत. सोन्याची गळती मात्र थांबली.

बँका बंद करणं सोपं, उघडायच्या कशा? रोख पैसा कमी पडणार हे उघड होतं. तात्पुरत्या चिठ्ठ्या छापून त्यांनाच पैसा म्हणायचं, असा अनेकांचा सल्ला होता. वुडिन यांनी रात्री थोडा वेळ गिटार वाजवली, झोप काढली, आणि सकाळी सल्लागार रेमंड मोली यांना सांगितलं की चिठ्ठ्या नकोत. पैसा पैशासारखाच दिसायला हवा. मग बँकांच्या मालमत्तेच्या आधारावर फेडरल रिझर्व्हने, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेने, खऱ्या नोटाच काढायच्या, असं ठरलं. सरकारी छापखाना रात्रंदिवस चालू लागला.

९ मार्चला काँग्रेसचं खास अधिवेशन भरलं. बँकिंग विधेयकाच्या प्रती सदस्यांना वाटायलाही वेळ नव्हता. प्रतिनिधिगृहाने चाळीस मिनिटांचीही चर्चा न करता ते आवाजी मतदानाने मंजूर केलं. सिनेटमध्ये ७३ विरुद्ध ७. रात्री नऊच्या आत अध्यक्षांची सही झाली. ज्या कायद्याने सरकारला कुठली बँक जगेल आणि कुठली मरेल हे ठरवण्याचा अधिकार मिळाला, तो बहुतेकांनी वाचलेलाच नव्हता.

१२ मार्चला, रविवारी रात्री दहा वाजता, रूझवेल्ट रेडिओवर आले. सुमारे सहा कोटी लोक ऐकत होते असा अंदाज आहे. ठेवलेला पैसा तिजोरीत पडून नसतो, बँक तो कर्जाऊ देते, म्हणून सगळ्यांनी एकदम मागितला तर चांगली बँकही देऊ शकत नाही, हे त्यांनी साध्या भाषेत सांगितलं. उद्यापासून उघडतील त्या बँका धडधाकट, एवढा भरवसा दिला. या भाषणाच्या मसुद्यालाही बॅलंटाइन यांचा हात लागला होता.

तो भरवसा किती खरा होता? हजारो बँकांची दप्तरं दोन-तीन दिवसांत तपासणं अशक्य होतं. कॅलिफोर्नियातल्या बँक ऑफ अमेरिकाचंच उदाहरण घ्या. शेकडो शाखांची ही बँक उघडू देऊ नये, असं सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या प्रमुखांचं मत होतं. वुडिन यांनी त्यांना फोनवर विचारलं, ती बंद ठेवण्याची जबाबदारी तुम्ही स्वतःवर घ्याल का? ते नाही म्हणाले. मग उघडू द्या, वुडिन म्हणाले. असे निर्णय हिशेबाच्या वह्यांवर झाले नाहीत, धाडसावर झाले. लोकांनी विश्वास ठेवला म्हणून बँका धडधाकट ठरल्या. १३ मार्चला सकाळी पुन्हा रांगा लागल्या, या वेळी पैसे भरायला. पंधरवड्यात दडवलेल्या रोकडीपैकी निम्म्याहून अधिक परत आली. १५ मार्चला शेअर बाजार उघडला तेव्हा डाउ जोन्स निर्देशांक एका दिवसात १५ टक्क्यांहून जास्त चढला. सुमारे चार हजार बँका मात्र पुन्हा उघडल्याच नाहीत. त्यांच्या ठेवीदारांची कहाणी शंभर दिवसांच्या गौरवात सहसा येत नाही.

पुढचे कायदे भराभर आले. २० मार्चला काटकसरीचा कायदा: माजी सैनिकांच्या भत्त्यांना आणि सरकारी पगारांना कात्री. पुढे सढळ खर्चासाठी ओळखल्या गेलेल्या माणसाची ही सुरुवात. दोन दिवसांनी, दारूबंदी अजून घटनेत असताना, हलक्या बिअरला परवानगी. एप्रिलमध्ये लोकांना घरातलं सोनं औंसाला २०.६७ डॉलर दराने सरकारजमा करायला लावलं आणि जानेवारी १९३४मध्ये तोच भाव ३५ डॉलर केला. बाजारातली ती कुजबुज खोटी नव्हती तर! उद्योगांचे दर आणि मजुरी ठरवून देणारा राष्ट्रीय औद्योगिक कायदा सरकारची मोठी आशा होती. ब्रुकलिनमधल्या कोंबड्यांच्या व्यापाऱ्यांनी त्याला आव्हान दिलं आणि मे १९३५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने मोडीत काढला.

टिकली ती रूझवेल्ट यांना नको असलेली गोष्ट: ठेवींचा विमा. चांगल्या बँकांनी निष्काळजी बँकांचा भुर्दंड का भरावा, हा त्यांचा आक्षेप. तो पोकळ नव्हता. आधी काही राज्यांनी असे विमे करून पाहिले होते आणि ते सगळे बुडाले होते. पण काँग्रेसमधला रेटा मोठा होता. १६ जूनच्या बँकिंग कायद्यात विमा आला आणि १ जानेवारी १९३४पासून अडीच हजार डॉलरपर्यंतच्या ठेवींना संरक्षण मिळालं. त्या वर्षी विमा उतरवलेल्या नऊच बँका बुडाल्या. आधीच्या चार वर्षांत हा आकडा हजारांत होता.

राष्ट्रीय पातळीवर अशी योजना आणणारा दुसरा देश भारत, आणि त्याच्या कारणांत अकोला येतं. १९६० साली केरळची पलाई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. त्या धक्क्यानंतर १ जानेवारी १९६२ रोजी ठेव विमा महामंडळ सुरू झालं, मर्यादा होती दीड हजार रुपये. सहकारी बँका त्यात यायला सत्तरचं दशक उजाडलं. १९९३पासून मर्यादा एक लाखावर अडकून होती. सप्टेंबर २०१९मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, सुरुवातीला खातेदाराला हजारच रुपये काढता येत होते. फेब्रुवारी २०२०मध्ये मर्यादा पाच लाख झाली, आणि निर्बंध आलेल्या बँकेच्या ठेवीदाराला विम्याची रक्कम नव्वद दिवसांत मिळावी, ही तरतूद व्हायला २०२१ साल यावं लागलं.