सांगाडा वऱ्हाडाचा, सरमिसळ हौसेची

अमरावतीहून बडनेऱ्याकडे किंवा अकोल्यातून गावाबाहेर निघालेल्या कोणत्याही रस्त्यावर नव्या लेआउटांमधून फिरावे. दहा गुंठ्यांपासून एकरापर्यंतच्या आवारात बंगले उभे दिसतात आणि त्यांच्या फाटकातून दिसणाऱ्या बागा एकाहून एक चमत्कारिक असतात. एकाच आवारात सुपारीसारखे दिसणारे पाम, राजस्थानी छत्री, मोगलाई थाटाचे कारंजे, फायबरचे हरीण, मेक्सिकन लॉन, शंकराची पिंड आणि मागच्या कोपऱ्यात संत्र्याची चार झाडे. शहरातला डिझायनर या सरमिसळीला नाक मुरडतो. मला ते पटत नाही. माणूस बाग आपल्या आठवणींनी भरतो: कुठे केरळची सहल, कुठे आजोळचा वाडा, कुठे शेगावच्या आनंदसागरात पाहिलेले तळे. सरमिसळ हा दोष नाही. दोष तिथे आहे जिथे बागेचा सांगाडाही बाहेरून आणलेला असतो. सावली, माती, पाणी आणि वाटा वऱ्हाडाच्या हिशेबाने बसवल्या, तर त्यावर हौसेचे काहीही शोभते. तो हिशेब चुकला, तर मे महिन्यात बाग वाळते आणि ऑगस्टमध्ये सडते.

सरमिसळीची जुनी सवय

वऱ्हाडाला परके पाणी नवे नाही. इमादशाहीच्या काळात (१४९० ते १५७४) एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, ही राजधानी होती. तिथल्या हौज कटोऱ्याचे अवशेष अजून पाहता येतात. तळ्याच्या मधोमध अष्टकोनी मनोरा, चारी बाजूंनी पाणी, कमानींतून आत येणारा वारा. रणरणत्या मुलखात गारवा कसा साधावा, याचे ते दगडी उत्तर आहे. मोठ्या बागेत पाणी कुठे ठेवावे, हेही ते शिकवते: माणूस बसतो तिथे, वाऱ्याच्या वाटेवर. फाटकाजवळ पाहुण्यांना दाखवण्यापुरते कारंजे उडवण्यात तो फायदा मिळत नाही.

१८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला आणि अमरावतीचा कॅम्प, अकोल्याची सिव्हिल लाइन्स उभी राहिली. उंच जोते, रुंद व्हरांडा, भोवती प्रशस्त कंपाउंड असा बंगल्यांचा नमुना आला. गुलमोहर मादागास्करचा, बोगनवेल ब्राझीलची, रेन ट्री दक्षिण अमेरिकेचा. आज ही झाडे आपल्याला घरचीच वाटतात. त्याच काळात देशमुख-पाटलांच्या वाड्यांत वेगळी रचना नांदत होती. पुढे आंगण आणि कडुलिंब, मध्ये तुळशीवृंदावन, मागे विहीर आणि विहिरीच्या सांडपाण्यावर पोसलेली परसबाग: केळी, अळू, कढीपत्ता, हादगा. बंगल्याच्या बागेचे तोंड रस्त्याकडे होते, वाड्याच्या बागेचे आतल्या माणसांकडे. आजच्या मोठ्या आवारात या दोन्ही गोष्टी हव्या असतात, आणि जागा पुरेशी असल्याने दोन्ही बसतात.

आधी माती, मग झाड

वऱ्हाडची काळी माती कापसाला लाडकी, पण बांधकामाला आणि शोभेच्या झाडांना बरीच कठीण. बसाल्टपासून झालेली ही चिकणमाती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पाडते. त्यामुळे बागेतली सिमेंटची सलग वाट दोन-तीन वर्षांत तडकते. इथे मुरुमाचा जाड थर, त्यावर वाळू आणि मोकळ्या सांध्यांची दगडी फरशी हाच टिकाऊ उपाय आहे. फरशी वरखाली झाली तर उचलून पुन्हा बसवता येते. मोठे झाड घराच्या पायापासून किमान पंधरा-वीस फूट दूर असावे, कारण मुळे ओल शोषतात तशी माती आकसते आणि भिंतीला चीर पडते. वड-पिंपळाची हौस असेल तर त्यांना आवाराचे टोकच द्यावे.

दुसरी गोष्ट निचऱ्याची. काळ्या मातीत खोल खड्डा खणून त्यात नर्सरीची लाल माती भरली, की पावसाळ्यात तो खड्डा पाणी धरून बसतो. पपई, निशिगंध, गुलाब अशा खड्ड्यांत कुजतात. त्यांच्यासाठी गादीवाफे करावेत, जमिनीपासून फूटभर उंच. मातीत चुनखडी जास्त असेल तर लोह झाडाला मिळत नाही. एक्झोरा आणि अनंताची पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या उरतात. अशी झाडे मोठ्या कुंडीत सुखी राहतात. माती तपासून घेण्याची सोय कृषी विद्यापीठात असताना डोळे झाकून रोपे आणणे हा महागडा नाद आहे.

तिसरी गोष्ट खाऱ्या पाण्याची. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा बाग करणाऱ्याची खरी परीक्षा घेतो. इथल्या बोअरचे पाणी दिसायला स्वच्छ असते, पण ते फवाऱ्याने पानांवर पडले की पानांच्या कडा करपतात. पाणी बुंध्याशी, ठिबकने आणि संध्याकाळी द्यावे. आंबा, संत्रा, गुलाब यांचा इथे हट्ट धरू नये. कडुलिंब, करंज, बोर, आवळा, शिंदी, कण्हेर, बोगनवेल आणि हरळी ही मंडळी क्षार बऱ्यापैकी सोसतात. जमीन चोपण झाली असेल तर जिप्सम आणि भरपूर शेणखत घालावे, आणि पावसाचे पाणी साठवून बोअरच्या पाण्यात मिसळावे.

पाण्याचा हिशेब अवघड नाही. पंधराशे चौरस फुटांच्या छतावर वर्षाला साडेसातशे मिलिमीटर पाऊस धरला, वाया जाणारे वजा केले, तरी ऐंशी हजार लिटरच्या आसपास पाणी हाती येते. उलट बाजूला हजार चौरस फूट लॉन ठेवा. उन्हाळ्यात त्याला दिवसाला सात मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तर रोज साडेसहाशे लिटर झाले. मार्च ते जून या चार महिन्यांत छतावरचे वर्षाचे सगळे पाणी एवढे एक लॉनच पिऊन टाकेल. अकोल्यात उन्हाळ्यात नळ काही दिवसांआड येतो. तेव्हा लॉन ठेवायचेच तर ओट्यापुढे, नातवंडे खेळतील एवढे. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहराच्या जलविभागाने १९८१ साली कमी पाण्याच्या बागेची चळवळ सुरू केली, तिचा पाया हाच होता: पाण्याच्या गरजेनुसार झाडांचे गट पाडा. संत्र्याचे बागायतदार हे कधीपासून करत आले आहेत. झाडाला ताण दिल्याशिवाय आंबिया किंवा मृग बहार फुटत नाही. लॉनच्या कडेला लावलेले संत्र्याचे झाड वर्षभर ओले राहते, फळ देत नाही आणि शेवटी डिंक्याने जाते. संत्री वेगळ्या कोपऱ्यात, उताराच्या आणि निचऱ्याच्या जागीच हवीत. वरुड तालुक्यातल्या शेंदुरजनाघाटच्या नर्सऱ्यांत कलम घेताना ते जंबेरीवर बांधले आहे की रंगपूर लाइमवर, हेही विचारावे. चुनखडीच्या जमिनीत रंगपूर लाइम अधिक तग धरते.

पानमळ्याकडून शिकण्यासारखे

परदेशी बागांची पुस्तके चाळण्याआधी अंजनगाव सुर्जी किंवा अकोटकडचा पानमळा एकदा पाहून यावा. बारी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या राखलेली ही रचना आहे. शेवरी, हादगा, पांगारा, शेवगा यांची दाट लावण, त्यांच्या आधाराने चढलेली पानवेल, सगळ्या बाजूंनी वारा अडवणारे कुंपण आणि आत ओलसर, निवांत हवा. त्याच भागात पानपिंपळीही अशाच सावलीत वाढते. बाहेर पारा पंचेचाळीसला टेकला असताना आत शिरलेल्या माणसाला फरक लगेच जाणवतो. उंच झाडांचे छत, त्याखाली वेल, त्याखाली जमिनीलगतची झाडे हे तीन मजले आणि वाऱ्याला अडसर, एवढे सूत्र उचलले की वऱ्हाडी बागेचा अर्धा आराखडा तयार होतो.

मोठ्या आवारात हा पानमळा पश्चिमेला आणि वायव्येला बसवावा, कारण उन्हाळी झळा तिकडूनच येतात. बाहेरच्या रांगेत कडुलिंब, करंज, शिवण. आतल्या रांगेत हादगा, शेवगा, आवळा. खाली हळद, अळू, शतावरी. बंगई आणि बसायची जागा पूर्वेला किंवा उत्तरेला, त्या झाडीच्या आड. उन्हाचे गणितही सोपे आहे. अकोला-अमरावतीत मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर असतो. भिंतीची सावलीच पडत नाही, झाडाचे छतच कामी येते. डिसेंबरच्या अखेरीस मात्र दहा फूट भिंतीची दुपारची सावली उत्तरेकडे जवळजवळ दहा फूट पडते. म्हणून शेवंती, गुलाब आणि हिवाळी भाज्यांचे वाफे भिंतीच्या दक्षिणेला असावेत.

आखणी कडक, लावणी मोकळी

आता हौसेकडे येऊ. इंग्लंडमधल्या केंट परगण्यात सिसिंगहर्स्ट नावाची बाग आहे. व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट आणि हॅरल्ड निकल्सन या दांपत्याने १९३० साली ती पडीक जागा घेतली. त्याने कुंपणे आणि भिंतींनी बागेच्या खोल्या पाडल्या, तिने त्या खोल्या मनसोक्त फुलवल्या. आखणी कडक आणि लावणी मोकळी, हा त्यांचा करार सरमिसळ बागेला चपखल लागतो. एकराच्या आवारात सगळे एकदम दिसू नये. मेंदी, कण्हेर किंवा बांबूची रांग, एखादी अर्धी भिंत, वेलीची कमान यांनी चार-पाच दालने पाडावीत. एकात देवघराची बाग: तुळस, बेल, पारिजातक, जास्वंद, मोगरा. एकात परसबाग, महालक्ष्म्यांच्या सोळा भाज्यांपैकी जमतील तेवढ्या तिथूनच याव्यात. एकात कॅक्टस, अगेव्ह आणि अॅडेनियमचा परदेशी संसार. एक दालन चक्क मोकळे ठेवावे: उन्हाळ्यात वाळवणाला, हिवाळ्यात हुरड्याच्या शेकोटीला, लग्नकार्यात मांडवाला. एका दालनातून दुसऱ्यात जाताना वाट वळली, की मेक्सिको आणि मेळघाट शेजारी असूनही भांडत नाहीत.

या दालनांना बांधणारे धागे दोन-तीनच ठेवावेत. सगळीकडे एकच दगड, आपला काळा पाषाण. सगळीकडे पुन्हा पुन्हा येणारे एक झाड, समजा बहावा. एकाच उंचीचे ओटे. ब्राझीलचे उद्यानरचनाकार रॉबेर्तो बुर्ले मार्क्स एकेका जातीची मोठमोठी पटले लावत. त्यांची स्वतःची बाग २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. आपल्याकडे उलटे होते. नर्सरीतून पन्नास जातींची एकेक कुंडी येते आणि बागेचे प्रदर्शन होते. तीच पन्नास रोपे पाच जातींची आणली तर बाग मोठी दिसते आणि माळ्याचे कामही सोपे होते.

शोभेच्या वस्तूंबद्दल एवढेच. नेकचंद यांनी चंदीगडमध्ये फुटक्या बांगड्या, चिनी मातीचे तुकडे, टाकाऊ सामान यांतून रॉक गार्डन उभारले आणि १९७६ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. तिथे हजारो वस्तू आहेत, पण हात एकाचा आहे. वऱ्हाडातल्या पडक्या वाड्यांतून जाती, उखळे, दगडी कुंड्या, मोटेची चाके, बैलगाडीचे धुरे निघतात. अशा वस्तूंना बागेत जागा मिळाली तर त्या वाचतील. फायबरचा जिराफ त्यांच्याशेजारी ठेवला तर दोघांचीही शोभा जाते.

वर्षभराचे रंग

मेळघाटच्या जंगलाने फुलांचे वेळापत्रक आयते दिले आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर, पळस, पांगारा आणि पिवळाधमक सोनसावर, एप्रिल-मेमध्ये बहावा, पावसाच्या तोंडावर कुडा, पावसाळा संपताना पारिजातक, मग बुचाची पांढरी फुले, थंडीत झेंडू आणि शेवंती. फळांसाठी सीताफळ, कवठ, बोर, चारोळी ही कमी पाण्याची झाडे आहेत. गुलमोहर लावावा, पण घर आणि विजेच्या तारांपासून दूर. त्याची मुळे उथळ आणि लाकूड ठिसूळ, वादळात तोच आधी पडतो. चिखलदऱ्यात कॉफी होते म्हणून अकोल्यात लावू नये. ती उंची आणि ते धुके इथे नाही.

पाहायला जागा जवळच आहेत. अमरावतीच्या वडाळीतले वनविभागाचे बांबू उद्यान पाहिले की कुंपणासाठी कोणता बांबू दाट येतो आणि कोणता पसरून त्रास देतो, ते समजते. १९६९ साली स्थापन झालेल्या अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या आवारात नागार्जुन वनौषधी उद्यान आहे. विद्यापीठाची शिवारफेरी शेतकऱ्यांसाठी असली, तरी बंगलेवाल्यांनीही एकदा ती करावी.

दिवाळीनंतरचे दिवस आराखड्यासाठी चांगले. डिसेंबरात सावल्या कागदावर मांडा, जानेवारीत माती-पाणी तपासून घ्या, एप्रिल-मेमध्ये खड्डे खणून उन्हात तापू द्या आणि मृगाचा पाऊस चांगला मुरला की झाडे लावा. पैसे आधी पश्चिमेच्या झाडीवर खर्च करा, मग पावसाच्या पाण्याच्या टाकीवर, मग वाटांवर. छत्री, कारंजे आणि हरणाचा नंबर शेवटी लावा. तोपर्यंत झाडे वाढलेली असतील, आणि त्यांतले काय खरोखर हवे आहे हे तुमचे तुम्हालाच कळेल.