कोहिमाचं टेनिस कोर्ट

कोहिमाच्या वॉर सेमेटरीत थडग्यांच्या रांगांमध्ये मधेच एक टेनिस कोर्ट आहे. जाळी नाही, फक्त काँक्रीटच्या पांढऱ्या रेघा. 1944 साली या टेकडीवर डेप्युटी कमिशनर चार्ल्स पॉसी यांचा बंगला होता, आणि हे त्यांचं कोर्ट. त्या एप्रिलमध्ये त्याच्या एका अंगाला ब्रिटिश-भारतीय फौजेचे खंदक होते, दुसऱ्या अंगाला जपान्यांचे. टेनिस कोर्टाची लांबी 23.77 मीटर! एवढ्याशा अंतरावर नेम धरायचा तरी कशाला. हातबॉम्ब नुसता पलीकडे टाकला की झालं.

दोन फौजा नेमक्या इथेच का भिडल्या, ते नकाशा पाहिला की कळतं. दिमापूरहून इम्फाळला जाणारा रस्ता याच टेकडीला वळसा घालतो, आणि दिमापूरला रेल्वे होती, रसदीची प्रचंड कोठारं होती. जपानची अख्खी 31 वी डिव्हिजन चालून आली तेव्हा टेकडीवर जेमतेम अडीच हजार माणसं होती, त्यांतली कित्येक लढाऊ नव्हतीच. तरी टेकडी पडली नाही. कोर्ट पूर्णपणे हाती यायला मात्र मे महिना उजाडला, आणि त्यासाठी उभ्या चढावर रणगाडा आणावा लागला.

युद्धानंतर त्याच उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी 1,420 थडगी मांडली गेली. प्रत्येकावर बुटक्या दगडात बसवलेली काशाची पाटी. कोर्टाजवळचं चेरीचं झाड लढाईत नष्ट झालं होतं. आजचं झाड त्याच्याच बुंध्याला फुटलेल्या धुमाऱ्यांतून वाढलेलं आहे. खाली ब्रिटिशांच्या सेकंड डिव्हिजनचं स्मारक म्हणजे एक भलीमोठी उभी शिळा. नागा लोक पूर्वापार अशाच शिळा उभारत आले आहेत.

टेकडीच्या माथ्यावर जरूर जावं. हिंदू आणि शीख सैनिकांना अग्नी दिला जाई, म्हणजे थडगं असण्याचा प्रश्नच नाही. त्यांची 917 नावं तिथल्या वेगळ्या स्मारकावर कोरली आहेत. राखेचाही हिशेब इतक्या चोखपणे ठेवणारी ही व्यवस्था मला थक्क करते. पण याच मोहिमेत जपान्यांच्या बाजूने आझाद हिंद सेनाही उतरली होती, तिच्या मृतांना इथे जागा नाही. दगड विजेत्यांनी लावले आहेत, हे वाचताना लक्षात असू द्यावं.

मराठी वाचकाने आणखी एक गाव पाहावं: मणिपुरातलं सांगशाक. कोहिमाचा वेढा पडण्याआधी, मार्च 1944 मध्ये, तिथे 50 व्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण लढली. त्या झुंजीत जपान्यांचे जे मोलाचे दिवस गेले, तेवढाच वेळ कोहिमाला तयारीसाठी जास्त मिळाला. आपल्याकडे पानिपत पोराटोरांना ठाऊक असतं. सांगशाकचं नाव ऐकलेला माणूस शोधावा लागतो.