दूर ठेविलेली प्रत

अमरावती जिल्ह्यांतील रिद्धपूर येथें म्हाइंभटांनीं इ. स. १२७८ च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलें. पुढें धाडींत मूळ पोथी नाहींशी झाली व शिष्यांनीं ती आठवणीनें पुन्हा उभी केली, असें परंपरा सांगते. ग्रंथ वांचला, परंतु पाठभेद शिरले.

आज शाळेचीं गुणपत्रकें व दाखले संगणकांत असतात. त्यांचें रक्षण कसें करावें, तें आम्ही थोडक्यांत सांगतों.

पहिला उपाय ‘स्नॅपशॉट’. झेडएफएससारख्या फाइलव्यवस्थेंत बदललेला मजकूर जुन्यावर न लिहितां नव्या जागीं लिहिला जातो. त्यामुळें अमुक क्षणींची स्थिति तात्काळ गोठवितां येते व आरंभीं जागाहि जवळजवळ लागत नाहीं. चुकून खोडलेली फाइल कालच्या स्नॅपशॉटांतून परत मिळते. मात्र यंत्रच जळालें, तर स्नॅपशॉटहि गेले.

यास्तव दुसरा उपाय. समजा, मूळ संगणक अमरावतीस आहे. तर प्रत अकोल्यास ठेवावी. प्रथम सर्व मजकूर जातो. नंतर दर रात्रीं दोन स्नॅपशॉटांमधील फरक तेवढाच. हें काम माणसाच्या आठवणीवर न सोंपवितां यंत्राच्या वेळापत्रकावर सोंपवावें. अकोल्याच्या यंत्रानें प्रत स्वतः ओढून घ्यावी; अमरावतीच्या यंत्रास ती पुसण्याचा अधिकार नसावा, म्हणजे तेथें कोणी परका शिरला तरी प्रत सुरक्षित राहते. मुदत संपलेले स्नॅपशॉट खोडीत जावेत, नाहींतर जागा भरते.

विद्यार्थ्यांनो, अधूनमधून अकोल्याच्या प्रतींतील एखादा दाखला उघडून मुळाशीं ताडून पाहावा. न तपासलेली प्रत ही केवळ आशा होय. पालकांनींहि घरच्या कागदपत्रांस हाच नियम लावावा.