तिकीट 'सिंधुदुर्ग'चं, मग किल्ला कुठे? रेल्वे स्थानकाची पाटी काय सांगते आणि काय सांगत नाही

मालवणला पहिल्यांदाच निघालेला मुंबईचा पर्यटक स्थानकांच्या यादीत 'सिंधुदुर्ग' हे नाव बघतो आणि तेच तिकीट काढतो. किल्ल्याचंच नाव आहे म्हटल्यावर शंका यायचं कारण नसतं. सकाळी गाडी थांबते, पिवळ्या पाटीवर काळ्या ठळक अक्षरांत 'सिंधुदुर्ग' दिसतं, तो बॅगा घेऊन उतरतो. समोर ना समुद्र, ना किल्ला. बाहेर रिक्षावाले सांगतात की हे ओरोस, मालवण इथून ३० किलोमीटरच्या आसपास.

पाटी खोटी नव्हती. अक्षरं मोठी होती, रंग ठरलेला होता, तिन्ही भाषांतली नावं जागच्या जागी होती. तरीही पाटी वाचून माणसाला जे कळायला हवं होतं, ते कळलं नाही.

रेल्वेच्या पाट्या कशा असाव्यात याचे नियम बरेच तपशीलवार आहेत. सिंधुदुर्ग जिल्ह्यातली वैभववाडी रोडपासून मडुऱ्यापर्यंतची स्थानकं पाहिली तर या नियमांनी काय साधतं आणि काय सुटतं, दोन्ही दिसतं.

पिवळाच रंग का?

पिवळ्यावर काळं ही जोडी दिसायला सुंदर म्हणून निवडलेली नाही. माणसाच्या डोळ्याला दिवसाच्या उजेडात हिरवट-पिवळा रंग सर्वांत तेजस्वी वाटतो, आणि काळ्याशी त्याचा फरक फार मोठा असतो. हा फरक रंगाचा कमी आणि उजेड-अंधाराचा जास्त आहे. त्यामुळे ज्यांना लाल-हिरवा ओळखता येत नाही, अशांनाही ही पाटी नीट वाचता येते. कोकणात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. पाऊस ३००० मिलिमीटरच्या घरात, पार्श्वभूमीला चार महिने गर्द हिरवं रान आणि बाकीचे महिने जांभ्याची लाल माती. या दोन्हींसमोर पिवळा रंग उठून दिसतो. अडचण असते ती शेवाळ आणि गंजाची.

आता थोडा हिशेब. पाट्या लावणारे जगभर एक ढोबळ नियम वापरतात: अक्षराची उंची एक सेंटिमीटर असेल, तर ते साधारण तीन ते चार मीटरवरून आरामात वाचता येतं. म्हणजे ३० सेंटिमीटरचं अक्षर शंभरेक मीटरवरून वाचता येईल. फलाटाच्या दोन्ही टोकांना दोन खांबांवर उभी असलेली मोठी पाटी एवढ्यासाठीच मोठी असते.

पण ती समोरून बघणाऱ्यासाठी आहे, म्हणजे मुख्यतः गाडी चालवणाऱ्यासाठी. डब्यात बसलेला प्रवासी पुढे बघू शकत नाही, त्याला खिडकीतून फक्त बाजूचं दिसतं. ताशी २० किलोमीटर वेगाने फलाटात शिरणारी गाडी सेकंदाला साडेपाच मीटर सरकते. पाटी खिडकीसमोर येते आणि नाव पुरतं वाचून व्हायच्या आत मागे जाते. त्यात २२ डब्यांची गाडी, एकेक डबा सुमारे २४ मीटरचा, म्हणजे एकूण लांबी पाचशे मीटरच्या पुढे. गाडी थांबल्यावर मधल्या डब्यातला माणूस दोन्ही मोठ्या पाट्यांपासून जवळपास अडीचशे मीटर लांब असतो. म्हणून खांबांवर, छपराखाली, दिव्याजवळ छोट्या पाट्या लावतात. प्रवाशाच्या दृष्टीने खऱ्या कामाच्या याच, आणि दुर्लक्ष होतं तेही यांच्याकडेच. रात्रीच्या गाडीने कणकवलीला उतरणाऱ्याला नाव नेमकं दिव्याखाली लिहिलेलं असलं, तर दोन-तीन मिनिटांच्या थांब्यात पोरंबाळं आणि सामान घेऊन उतरायला वेळ मिळतो. नाहीतर दारात उभं राहून 'कुठलं स्टेशन?' असं फलाटावरच्या माणसाला विचारावं लागतं.

तीन ओळी, त्यातल्या दोन सारख्या

भारतीय रेल्वेच्या पाटीवर नाव तीन भाषांत असतं: राज्याची भाषा, हिंदी आणि इंग्रजी. तमिळनाडू किंवा बंगालमध्ये या तीन ओळी तीन लिप्यांत येतात. महाराष्ट्रात मराठी आणि हिंदी दोन्ही देवनागरीत असल्यामुळे पहिल्या दोन ओळी पुष्कळदा अक्षरशः सारख्या होतात. 'सावंतवाडी रोड' दोनदा लिहून कोणाचा काय फायदा, असा प्रश्न पडणं साहजिक आहे.

उत्तर कुडाळला मिळतं. हिंदीत हे नाव लिहिताना 'कुडाल' होतं. मराठीतला 'ळ' बोलीभाषा सोडल्या तर रोजच्या हिंदीत नाही, म्हणून तिथे 'ल' येतो. मुंबईत भायखळ्याचं 'भायखला' झालं ते असंच. परळचं तर 'परेल' झालं, आणि तो उच्चार हिंदीत इंग्रजी स्पेलिंगवरून आला असणार हे उघड आहे. वांद्रे आणि बांद्रा, शीव आणि सायन ही तर वेगवेगळी नावंच वाटावीत.

गंमत अशी की देवनागरी लिपीत 'ळ' नाही असं कोणी म्हणू शकत नाही. मराठी तीच लिपी वापरते. नाव हे नाव असतं, त्याचं भाषांतर करायचं नसतं. तेव्हा हिंदीच्या ओळीतही 'कुडाळ' लिहिलं तर हिंदी वाचकाचं काही बिघडणार नाही, उलट गावाचं खरं नाव त्याला कळेल. हा मुद्दा मराठी भाषेसाठी काम करणारे लोक अनेक वर्षं मांडत आले आहेत आणि तो रास्त आहे.

तिसऱ्या ओळीचा घोळ वेगळा. इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'ड' आणि 'द' यांत फरक राहत नाही, 'ळ' आणि 'ल' यांतही नाही. त्यामुळे कुडाळचं स्पेलिंग वाचून कोणी 'कुदाल' म्हणालं तर त्याला दोष देता येत नाही. फक्त हिंदीत कुदाल म्हणजे कुदळ. मालवणचा 'ण' इंग्रजीत जाऊन परत आला की 'न' होऊन येतो. गाडीतली घोषणा, मोबाइलवरचा नकाशा, आरक्षणाचं ॲप यांतलं बरंचसं लेखन इंग्रजीवरून परत देवनागरीत येतं, त्यामुळे पाटीवर बरोबर असलेलं नाव पडद्यावर चुकीचं दिसू शकतं.

मडुरे हे कोकण रेल्वेचं महाराष्ट्रातलं शेवटचं स्थानक. पुढे गोव्यात पेडणे, जे इंग्रजीत पोर्तुगीज वळणाने 'पेर्नेम' होतं. कारवारला पोहोचेपर्यंत कन्नड लिपी आलेली असते आणि तीन ओळींना तीन लिप्या मिळतात. एकाच मार्गावर, एकाच महामंडळाच्या हद्दीत, काही तासांत हा सगळा बदल बघायला मिळतो.

अक्षराची खरी परीक्षा

नियम म्हणतो की तिन्ही भाषांतली अक्षरं सारख्याच आकाराची हवीत. ऐकायला न्याय्य वाटतं. पण इंग्रजी कॅपिटल अक्षरांना वर-खाली काही लागत नाही. दिलेली सगळी उंची ती वापरतात. देवनागरीला शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि रफार यांसाठी जागा लागते, आणि खाली उकारासाठी. दोन्ही ओळींना सारखीच पट्टी दिली तर देवनागरीचं मूळ अक्षर बारीक होतं.

'सिंधुदुर्ग' हा शब्दच बघा. पहिल्याच अक्षरावर ऱ्हस्व वेलांटी आणि तिच्याशेजारी अनुस्वार, मग दोन अक्षरांना खाली उकार, शेवटी डोक्यावर रफार. देवनागरीचा नवा टाइप बनवणाऱ्याने तो आधी या एका शब्दावर तपासावा, इतकं सगळं त्यात आहे. जाड ठशात आणि गर्दीत लिहिलं की अनुस्वार वेलांटीला चिकटतो आणि लांबून एकच ठिपका दिसतो. हाताने पाट्या रंगवणारे पेंटर हे नजरेने सांभाळत: उकार थोडा आखूड, रफार थोडा मोकळा. संगणकावर टाइप करून कापलेल्या विनाइल अक्षरांत ही जागा आपोआप मिळत नाही, कोणीतरी ती मुद्दाम द्यावी लागते.

इंग्लंडमध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी एडवर्ड जॉन्स्टन यांनी १९१६ मध्ये खास अक्षरं बनवली. १९६५ मध्ये ब्रिटिश रेल्वेने जॉक किनीअर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट यांच्याकडून नवी वर्णमाला करून घेऊन ती देशभर वापरली. त्यांना एकच लिपी सांभाळायची होती. भारतीय रेल्वेने मे २०२३ मध्ये स्थानकांवरच्या पाट्यांसाठी नवी मार्गदर्शक पुस्तिका काढली. सोपी भाषा, स्पष्ट टाइप, सहज दिसणारे रंग आणि पाहताक्षणी कळणारी चित्रचिन्हं यांवर तिचा भर आहे.

उंचीचा आकडा

पाटीच्या खाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. हा आकडा बघून चालक गाडीचा वेग ठरवतो, अशी एक गोष्ट व्हॉट्सॲपवर फिरत असते. तिच्यात फारसा अर्थ नाही. चढ-उतारासाठी रुळांच्या कडेला वेगळे खांब असतात आणि वेगमर्यादेच्या पाट्याही वेगळ्या. हा आकडा मुळात सर्वेक्षण आणि बांधकामाच्या कामाचा. भारतातली 'समुद्रसपाटी' ठरवताना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नऊ बंदरांवरच्या भरती-ओहोटीच्या नोंदी वापरल्या गेल्या. त्यांत मुंबई होती आणि कारवारही. सिंधुदुर्गातली स्थानकं या दोहोंच्या मधे येतात, म्हणजे इथल्या पाटीवरचा आकडा याच किनाऱ्याच्या लाटांवरून निघाला असं म्हणायला हरकत नाही.

'रोड' म्हणजे नक्की काय?

आता नावांकडे. कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर २६ जानेवारी १९९८ रोजी सुरू झाली. सिंधुदुर्गात हा मार्ग किनाऱ्याने जात नाही. किनाऱ्यालगत रुंद खाड्या आहेत, पूर्वेला सह्याद्री. त्यामुळे रूळ मधल्या पट्ट्यातून, मुंबई-गोवा महामार्गाच्या आगेमागे गेले. मालवण, वेंगुर्ले, देवगड ही जुनी बंदरं रेल्वेपासून लांब राहिली.

स्थानक गावात नसेल तर रेल्वे नावापुढे 'रोड' लावते. ही इंग्रजांच्या काळापासूनची पद्धत आहे. नाशिक रोड, वसई रोड ही जुनी उदाहरणं. अर्थ एवढाच की इथून त्या गावाला रस्ता जातो. सावंतवाडी रोड स्थानक मळगावला आहे, सावंतवाडी शहर तिथून काही किलोमीटरवर. ज्याला हा संकेत माहीत आहे तो आधीच रिक्षाची सोय बघतो. पण मुंबईच्या ग्रँट रोडमध्ये 'रोड' म्हणजे खरोखरचा, गव्हर्नर ग्रँट यांच्या नावाचा रस्ता, आणि तिथे स्थानक शहराच्या पोटात आहे. एकाच शब्दाचे दोन अर्थ, आणि पाटी कुठेच सांगत नाही की इथे कोणता. नांदगाव रोडमध्ये या शब्दाचा आणखी एक उपयोग होतो: भुसावळच्या मार्गावर नाशिक जिल्ह्यात नुसतं 'नांदगाव' आधीपासून आहे, त्याच्याशी गल्लत टळते.

सिंधुदुर्ग स्थानकाला मात्र 'रोड' नाही. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून नवा जिल्हा निघाला तेव्हा त्याला शिवाजी महाराजांनी मालवणच्या कुरटे बेटावर १६६४ मध्ये बांधायला घेतलेल्या किल्ल्याचं नाव दिलं. जिल्ह्याचं मुख्यालय ओरोसला, सिंधुदुर्गनगरी या नावाने वसलं आणि तिथल्या स्थानकाला जिल्ह्याचं नाव मिळालं. किल्ला, जिल्हा आणि स्थानक यांचं नाव एक, जागा वेगवेगळ्या. जिल्ह्यातला माणूस 'ओरोसला उतरलंय' असं म्हणतो, त्यामुळे त्याचा गोंधळ होत नाही. गोंधळ होतो तो पाटीवर विसंबून आलेल्याचा.

नाव बदलणं सोपं नाही. राज्य सरकारचा प्रस्ताव, केंद्रीय गृह मंत्रालयाची हरकत नसल्याचं पत्र, मग पाट्या, तिकिटं, वेळापत्रकं आणि संगणकावरच्या नोंदी. एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी २०१८ मध्ये झालं ते याच वाटेने. ओरोसच्या स्थानकासाठी एवढं करायची गरजही नाही. जपानमध्ये स्थानकाच्या पाटीवर मागचं आणि पुढचं स्थानक लिहिलेलं असतं. त्याच धर्तीवर सिंधुदुर्गच्या पाटीखाली 'ओरोस' आणि 'मालवणकडे' असा बाण, कुडाळला 'मालवण, वेंगुर्ले', नांदगावला 'देवगड' एवढं लिहायला एक पट्टी पुरेल. मालवणला जाणाऱ्याने तोपर्यंत तिकीट काढताना कुडाळ, सिंधुदुर्ग आणि कणकवली या तिन्ही ठिकाणी आपली गाडी किती वाजता पोहोचते ते बघावं, आणि त्या वेळेला एसटी कुठून मिळते ते आधी विचारून ठेवावं.